कोरी खिडकी

मेहरुननं बुर्साहून फोटो पाठवला:
सुलतानाच्या मकबऱ्यातली एक फरशी निखळलेली.
"खैरनारकाका, एवढी वेल पुरी करून द्याल?
तुमचा हात सुईचा आहे."
होता. आता चहाची बशीसुद्धा वाजते.

तरी टेबल खिडकीशी ओढलं.
जेलरोडला दुपारी तीनपर्यंत उजेड चांगला.
चौतीस वर्षं प्रेसमध्ये नोटांच्या कडा कोरल्या,
नक्षीत नक्षी,
नकली करणाऱ्याचा डोळा शिणावा म्हणून.
इथली नक्षी कुणालाच अडवत नव्हती.
आठ भिंती, आठही पिरोजी,
अक्रोडाच्या दारात बिनखिळ्यांचे तारे,
मधोमध चौथऱ्यावर निळी-सोनेरी पेटी.
तिच्याभोवती अक्षरांची ओळ धावते.
मला वाचता येत नाही,
मी तिची जाडी मोजली.

मेहरुन म्हणाली, दोन रंगांमध्ये
मेणाची काळी रेघ ओढतात,
निळं पिवळ्यात उतरू नये म्हणून.
भट्टीत मेण जळून जातं.
रेघ राहते.
फोन ठेवल्यावरही मी तो कानालाच धरून होतो.

अकरा दिवस लागले.
देठ, कळी, पानामागून पान.
एका पाकळीत सवयीनं चूक पेरली,
केसाएवढी, फक्त मला सापडेल अशी.
रात्री उठून खोडली.
या वेलीची नक्कल कोण करणार,
आणि केली तर कुणाचं काय बुडणार?

महिन्यानं उत्तर आलं.
काका, कमिटी म्हणते नवी नक्षी नको.
तिथं साधा चुना भरलाय, फिकट पिरोजी.
रागावू नका.
आणि खाली, जाता जाता:
वरची पेटी रिकामीच असते.
सुलतान तळघरात, मातीत,
तिथं एकही फरशी नाही.

रागावलो नाही.
बशी तेवढी जास्त वाजली.

नोटेवर आम्हीही एक जागा कोरी सोडायचो.
तिथं सुई लावायची नाही, शाई नाही.
लोक नोट उजेडाकडे धरतात
ते नेमकी तीच जागा बघायला.

रविवारी कोकणीपुऱ्यातून मेहरुनची आई आली,
चित्र फ्रेम करते म्हणाली.
देण्याआधी मी कागद खिडकीत धरला.
वेल उलटी दिसली,
आणि तिच्या पानांतून आरपार
गोरेवाडीची पाण्याची टाकी.