धार मोडताना

कुताइसीच्या नाटकघरात, रंगमंचाखालच्या तळघरात
एकतीस वर्षं मी धारा मोडत बसलेय.
नवा खंजीर आला की आधी कानशीनं पातं घासायचं,
मग टोक,
मग स्वतःच्या गालावरून फिरवून बघायचं.
गालाला कळतं ते बोटाला कळत नाही,
वालिको सांगायचा. त्यानंच मला कामावर ठेवून घेतलं.
त्याच्या डाव्या हाताला दोन बोटं नव्हती.
कशी गेली, हे विचारायचं नाही असा नियम होता.

जगात माणसं केसानं गळा कापतात.
माझ्या तळघरात तलवारीनंही कापला जात नाही.

डोक्यात फोडायची बाटली साखरेची.
रिओनीवरून ओली हवा आली की ती घामेजते,
म्हणून दुसऱ्या अंकापर्यंत
तिला तांदळाच्या डब्यात निजवून ठेवते.
शिंगातली वाइन म्हणजे पाणी घातलेलं डाळिंबाचं सरबत,
आणि शिंगाला आत खोटा तळ,
नाहीतर मेजवानीच्या प्रवेशात सहा शिंगं रिती करून
तिसऱ्या अंकात अर्धा तास मरून पडायचं
कुणाला जमणार आहे?

बेसोला अक्रोड चालत नाही.
आमच्या मुलखात हे म्हणजे माशाला पाण्याचं वावडं.
एकदा भर प्रयोगात खाल्ला, ओठ पावासारखे फुगले,
घशातून शब्द फुटेना,
आणि लोक टाळ्या वाजवत होते.
तेव्हापासून त्याची चुर्चखेला मी घरी करते:
दोऱ्यात सुकं जर्दाळू, वर द्राक्षाच्या रसाचा लेप,
शेंड्याला लाल गाठ.
लाल गाठीला दुसऱ्यानं हात लावायचा नाही.

थिनाथिन मात्र उलटंच मागायला आली.
"रिकामी बॅग उचलली की माझा खांदा खोटं बोलतो.
घर सोडून निघालेय मी. वजन घाल."
घातली साडेचार किलो वाळू,
छोट्या पिशव्या करून, तळाला शिवून, हलू नये अशी.
मुठीला आतून लोकर गुंडाळली.
दुःख पूर्ण वजनाचं, मनगट शाबूत.
रात्री विंगेतून पाहिलं:
ती निघाली होती,
बॅग निघायला तयार नव्हती.

आणि रेवाज.
राजाची तलवार बावीस वर्षं त्याच्या कमरेला.
पहिल्या वर्षी लोखंडी, दोन किलो नऊशे.
मग एकदा तालमीत त्याच्या हातातली बशी
कपाखाली किणकिणताना ऐकली.
त्या उन्हाळ्यात मी ॲल्युमिनियमची केली.
पुढे पॉपलरच्या लाकडाची, वर चांदीचा वर्ख.
पुढे तीही आतून कोरली,
पावाच्या सुरीनं कलिंगड कोरावं तशी, जपून.
मी काही बोलले नाही. त्यानं काही विचारलं नाही.

पण तलवार हलकी होत गेली
तसतसा तो ती उपसताना
जास्त वाकायला लागला.
पाय रोवायचा, श्वास धरायचा,
मानेची शीर पाचव्या रांगेतून दिसायची.
बाहेर पडताना लोक म्हणायचे, काय वजनाची असेल हो!
मी काढलेला एकेक तोळा
तो कुठून तरी आणून
परत तिच्यात भरत होता.

शेवटच्या प्रयोगानंतर
कठडा धरून जिना उतरला,
तलवार माझ्या टेबलावर ठेवली,
दोन्ही हातांनी, अलगद.
टाकली असती तर
लाकडाचा आवाज झाला असता.
"फार जड होती गं," म्हणाला.
माझ्याच कपातला चहाचा घोट घेतला
आणि वर गेला.

तलवार खिळ्याला आहे.
तिला काट्यावर घालायचं धाडस मी केलेलं नाही.

उद्या पोरांचं नाटक. बाकाचे चारी कोपरे गोल करायचेत.
तीन झाले.
चौथ्याला गाल लावून बघते,
अजून टोचतो.