कंट्रोल

याला फूल म्हणायचं नाही, म्याकल मॅडम बजावतात.
हा शंकू. पाकळी नाही, वास नाही,
बी उघडंच, खवल्याच्या मांडीवर बसलेलं.
मी मान हलवतो. एकतीस वर्षं हलवतोय,
वनस्पतिशास्त्राच्या लॅबमध्ये बरण्या पुसत.

कुंड्या चाळीस, सगळ्या मोरपंखीच्या,
जिचं पान पोरं अजून वहीत ठेवतात, विद्या म्हणून.
कॉलेजच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला लागून.
वीस कुंड्यांना लाल दोरा.
वीस कुंड्यांना काही नाही.

पूड नान्नजच्या एका द्राक्षवाल्याकडनं आणली.
तो तिच्या पाण्यात घड बुडवतो, मणी फुगतात.
चिमूटभर आधी स्पिरिटमध्ये विरघळवायची, मग पाण्यात,
नाहीतर तळाशी जाऊन बसते, रुसल्यासारखी.
जिबरेलिन.
नाव जिभेवर बसायला दोन दिवस लागले.
घरी सांगितलं तर बायको म्हणाली,
आमच्यात असलं नाव ठेवत नाहीत.

मॅडम समजावतात: झाडाला वयात यायला वर्षं जातात.
आत एक निरोप फिरत असतो,
थोडा थोडा साठत शेंड्याकडे जातो.
मुळं आवळली, पाणी तोडलं, ऊन चढलं
की निरोप दाट होतो,
झाड घाबरतं आणि बी धरतं.
आपण तोच निरोप बाहेरून लिहून पाठवायचा, इतकंच.

पाणी तोडायला मला वेगळं काही करावं लागलं नाही.
नळ पाचव्या दिवशी.
गच्चीची फरशी एप्रिलात अशी तापते
की चप्पल चिकटते, सुटते, चिकटते.
लाल दोऱ्यांवर पूड फवारली,
बाकीच्यांवर नुसतं स्पिरिटचं पाणी,
म्हणजे कुणाला आपण वगळलोय असं वाटू नये.
(हे कारण माझं. मॅडमचं वेगळं आहे.)

गड्ड्याची यात्रा भरली, पाळणे उभे राहिले,
आणि एका सकाळी लाल दोऱ्याच्या फांदीला धक्का लागला
तर बोटावर पिवळी धूळ.
टोकाटोकाला जिऱ्याएवढं काहीतरी,
आणि खाली निळसर गाठी, राख फासलेल्या,
इवली वाकडी शिंगं काढून बसलेल्या.
झाड माझ्या गुडघ्याला लागतं.
मॅडम लहान मुलीसारख्या हसल्या.
मीही हसलो. मग जिन्यात जरा बसलो.

अकराव्या वर्षी मी कांड्या भरायला लागलो,
पूर्व भागात, मामाच्या मागाखाली.
शनिवारी पैसे आईच्या हातात दिले
तेव्हा शेजारीण म्हणाली, नरसय्या, पोरगं कर्तं झालं की.
बापाच्या तोंडावरचं हसू अजून दिसतं.
पाणी कुणी तोडलं होतं, ऊन कुठलं, आठवत नाही.
निरोप मात्र पोचला होता.

बिनदोऱ्याच्या वीस कुंड्या नुसत्याच हिरव्या.
पसरतायत. वेळ काढतायत.
मॅडम त्यांना कंट्रोल म्हणतात.
मला हा शब्द नेहमी उलटा वाटतो.

रजिस्टर मी भरतो, अक्षर बरं आहे म्हणून.
लाल दोरा: वीसपैकी सतरा.
दुसऱ्या रकान्यात शून्य,
तो मी सावकाश, नीट गोल काढला.

संध्याकाळी नात हारिकानं विद्येचं पान मागितलं होतं.
मी ते बिनदोऱ्याच्या कुंडीतनं तोडलं, शेवटच्या ओळीतल्या.
मॅडमना हे सांगितलेलं नाही.