अज्ञातासाठी बांधलेलं क्रियापद

हेगच्या त्या दालनात, काचेच्या खोक्यात बसून
मी दुसऱ्यांच्या तोंडचं बोलते, प्रथमपुरुषी.
सकाळी मी मुझ्ना बारशेद होते.

"सालमीन रात्रीच निघायचा.
दिवसा पेट्या हलवत नाहीत,
अर्ध्या माश्या बाहेर असतात, घर चुकतात.
बत्तीस पेट्या, वर ओलं गोणपाट, दिवे बंद.
खालच्या वादीत सिद्र फुलला होता.
धाकटा मागे, पेट्यांना टेकून झोपलेला,
तिथं ऊब असते.
गारठ्यात माश्या एकमेकींना बिलगतात,
पेटी माणसाच्या अंगाएवढी गरम लागते."

इथं मी घोटभर पाणी प्यायले.
तिनं नाही.

दुपारी मी एक राज्य होते.
"वाहनावर हल्ला करण्यात आला."
हे मला मुझ्नासाठी अरबीत न्यायचं होतं.
अरबी व्याकरणात या रूपाचं नावच आहे
अज्ञातासाठी बांधलेलं क्रियापद.
चपखल बसलं. इतकं, की लाज वाटली.

मग मी आणखी दोन राज्यं झाले.
एकानं यंत्राला बघायला शिकवलं होतं,
दुसऱ्यानं फक्त धावपट्टी भाड्यानं दिली होती,
आणि पहिलं, सोडणारं, म्हणत होतं
की निवड यंत्राची:
बत्तीस उष्ण आकृत्या, दाटीनं, दिवे विझवून.
तिघांनी काखा वर केल्या.
कोटांना घड्या पडल्या नाहीत.

"सैनिक चुकला तर राज्य उत्तर देतं," वकील म्हणाले,
"इथं सैनिकच नाही."
अध्यक्षबाईंनी केसांत खोचलेलं पेन काढलं.
"म्हणजे सैनिक काढून घेतला
की मागोमाग राज्यही उठून जातं?"
वापरात घेण्याआधी शस्त्र तपासलं होतं?
होय. वाळवंटात, समुद्रावर,
पुठ्ठ्याच्या शहरावर, अकरा हजार वेळा.
मधमाश्यांवर?
कागद चाळल्याचा आवाज.
"त्या शक्यतेचा विचार केला गेला नव्हता."
पुन्हा तेच रूप.

आणखी काही सांगायचंय का, तिला विचारलं.
तिनं बटव्यातून एक चिठोरं काढलं.

"तुमच्यासाठी मध आणला होता.
विमानतळावर काढून घेतला, बरणी मोठी म्हणून.
असू दे. नियम आहे.
पण त्या पोरानं मला ही पावती दिली.
वस्तू. वेळ. कारण.
खाली त्याचं नाव, बिल्ल्याचा नंबर, सही.
माझ्या ट्रकसाठी अशी एक द्या."

आज्ञार्थात कर्ता गाळलेला असतो.
पण असतो.
तीन टेबलांवर तिघांनी
कानातलं यंत्र चाचपलं,
जणू आवाज नीट येत नव्हता.

दुभाष्यानं वाक्य दोनदा म्हणायचं नसतं.
मी म्हटलं.