मध्ये काहीतरी

डुबल सर एकदाच सांगतात:
रात्री डोंगर दिसत नसतो.
दिसतं ते त्याच्यामागचं विझणं.
खालचा दिवा गेला, मग त्याच्या वरचा,
तर समज, मध्ये काहीतरी आहे
आणि तू त्याच्याकडेच चालली आहेस.

मी मान डोलावली. परीक्षेपुरती.

जानेवारी. कऱ्हाडवर गुऱ्हाळांचा धूर आडवा निजलेला,
कॉकपिटमध्ये चक्क काकवीचा वास.
एका अंगाला हायवे, ट्रकांच्या दिव्यांनी ओघळणारा.
पहिल्या रात्री मी त्यालाच धावपट्टी समजले होते;
सर बोलले काही नव्हते, फक्त खोकले होते.
दुसऱ्या अंगाला आगाशिव असणार.
असणार, कारण तेवढ्या भागात चांदण्या नव्हत्या.

फायनलवर वळले.
खाली ऊस, म्हणजे काहीच नाही,
शाईची दौत कलंडल्यासारखं.
समोर दिव्यांच्या दोन ओळी.
फ्लॅप्स. वेग पासष्ट.
कडेचे चार दिवे: दोन पांढरे, दोन लाल.
मग तीन लाल.
वाटलं, सावरेन.

आणि डाव्या ओळीतला पहिला दिवा गेला.
बल्ब उडाला असेल.
उडतात बल्ब. आमच्या जिन्यातला
दिवाळीपासून उडालेला आहे.

दुसरा गेला.

हे मला आधी कळलं की हाताला, सांगता येत नाही.
थ्रॉटल पार आत. नाक वर.
पोटाखालून काहीतरी सरकलं,
अंधाराहून जरा जास्त काळं.
सर खोकले.

सकाळी स्कूटर काढून शोधायला गेले.
पाटाच्या कडेला, बांधावर, सिल्व्हर ओक.
वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या सातांतला
एकटा उरलेला.
दस्तगीर मुजावर मिश्री लावत उभे होते.
"तुमीच व्हय त्या? शेंडा हालला काल.
वारं तर नव्हतं."
मी सॉरी म्हणाले,
त्यांना की झाडाला, कळेना.
"तोडायचं का मग?"
विचारलं असं, की जणू माझंच झाड.
मी म्हटलं, ऑफिसात कळवते.
कळवलंही. अर्ज गेला तो गेला.

आठवड्याने पुन्हा रात्र, पुन्हा तीच फायनल,
या वेळी उंच, दोन पांढरे, दोन लाल,
आणि काळ्या उसात
नकाशात नसलेला एक लाल ठिपका.
थोडा वाकडा.

साधा साठचा बल्ब होता तो, नंतर समजलं.
विहिरीवरच्या मोटारीपासून ओढलेली वायर,
भोवती गणपतीच्या मखरातला जिलेटीन कागद.
वर चढला त्यांचा धाकटा, दहावीतला,
आईच्या शिव्या खात.

सर काचेकडे वाकले. "हा कुठला?"
"झाड आहे," मी म्हणाले.

ते खोकले नाहीत.
मी डाव्या ओळीतले दिवे मोजत उतरले,
पहिल्यापासून.