चौदा मिलिमीटर

मे महिन्यात लावलेली काच जुलैत तडकली.
पार्किंगमध्ये, सात नंबरच्या खांबाला,
भेगेवर आडवी,
सिमेंटच्या दोन ठिपक्यांत अडकवलेली बोटाएवढी पट्टी.
भेग बोलत नाही, म्हणून तिच्या तोंडावर काच लावतात.
तुटली की समजायचं, काहीतरी म्हणाली.

मी दुर्बीण तिपाईवर बसवते.
पाचर्णे स्टाफ धरतात. सव्वीस वर्षं त्यांनी
ताठ उभं राहण्याचा पगार घेतला.
"किंचित डावीकडे. थांबा. श्वास सोडा हवं तर."
वाचते, लिहिते, वजा करते.
चौदा मिलिमीटर.
करंगळीच्या नखाएवढी
खाली गेली आहे बी विंग, दोन वर्षांत,
सगळ्या फ्रिजांसकट, देव्हाऱ्यांसकट,
तिसऱ्या मजल्यावरच्या पियानोच्या क्लाससकट.

खाली काय आहे ते बिराजदारांना ठाऊक.
सोसायटी नव्हती तेव्हापासून ते इथे वॉचमन.
डंपर रात्री यायचे, म्हणाले,
राडारोडा, फुटके कमोड, थर्माकोलची मखरं,
नदी मुकाट्याने पलीकडे सरकायची.
नकाशात निळी पूररेषा सरळ येते, येते,
आणि आमच्या गेटपाशी अदबीने वळते,
जणू कुणी तिला बाजूला घेऊन चहा पाजला.

उलव्याहून नीराचा फोन.
"तुमचं बरं गं. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर.
इथे भरतीला गटारं उलटी वाहतात,
फुटपाथ एकीकडे कलला, दुकानदाराने फळीखाली पुठ्ठा घातला."
तिला कसं सांगू,
तुझ्याकडे निदान भरतीचं पंचांग असतं.
आमच्याकडे रात्री पावणेतीनला मोबाइलवर क्युसेक येतात,
आणि माणसं अंधारात गाड्या काढायला धावतात
चपला हातात घेऊन.

शिवाय, नीरा, माझी प्रत्येक उंची
तुझ्याच समुद्रापासून मोजलेली आहे.
तो चढला तर माझं शून्य चढलं.
वहीत मात्र आकडा तोच,
स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर आकडा तोच.

पुलाच्या कठड्यावर जुनी खूण होती,
दगडात छिन्नीने कोरलेला बाण. तिच्यावरून सगळं जुळवायचं.
सुशोभीकरणात तिच्यावर मोर काढला.
पाचर्णे किल्लीने मोराचं पोट खरवडत बसले अर्धा तास.
एक बाई थांबून म्हणाल्या, "लाज नाही वाटत?"
पाचर्णे म्हणाले, "वाटते."
आणि खरवडत राहिले.

चेअरमन शहाणे स्वतः खाली आले, हातात छत्री, आवाज मऊ.
"खचली नका लिहू. बसली लिहा.
नवी इमारत थोडी बसतेच.
दोन फ्लॅट विकायचेत, तुम्ही समजून घ्याल."
बसली. पाहुण्यासारखी. आता चहा, पोहे,
मग उठेल का?
मी शब्द खोडला. आकडा ठेवला.
त्यांनी आकड्याकडे पाहिलं,
मग आभाळाकडे, मग माझ्या बिलाकडे.

मीटरच्या खोलीत पेन्सिलीच्या तीन रेघा आहेत,
गुडघा, मांडी, कंबर,
प्रत्येकीपुढे बिराजदारांच्या हातचं साल.
रंगकाम निघालं की ते तेवढ्या भिंतीपुढे
जुनी सायकल उभी करतात.
त्यांची खाट चार-चार विटांवर.
पहिल्या पुराला एक होती.

संध्याकाळी नवी काच लावली.
सिमेंटचे दोन ठिपके, खाली मार्करने तारीख.
बिराजदार वाकून बघत होते.
"रात्री तुटली तर आवाज येतो का हो, मॅडम?"
येतो. बारीक. बांगडी फुटल्यासारखा.
ते काही बोलले नाहीत.
विटा एकेक करून उचलल्या,
सात नंबरच्या खांबाशी नेऊन रचल्या,
आणि खाट ओढायला लागले.
दुसऱ्या टोकाला पाचर्णे लागले.