कुकडी

भिलवडीच्या दवाखान्यात, मागच्या खोलीत,
उंची मोजायचा कागदी जिराफ आहे.
त्याच्या मानेवरून गेलीय
महापुराची तपकिरी रेघ.
खुमान पावरा, वय एकोणीस महिने,
जिराफाच्या पोटापर्यंत भरला.

सतरंजीवर माझी पिशवी:
घंटी, फडका, चित्रांचं पुस्तक, आठ ठोकळे.
नुरली दाराशी उकिडवी,
हातांवर पाचटाचे ओरखडे,
अर्धी मोळी नवऱ्यावर टाकून आलेली.
"रक्त तपासलं धडगावला.
आता खेळणी कशाला?"

म्हटलं, याच्या रक्तातल्या पेशी वाकतात,
बारीक नळ्यांत अडकतात,
कधी डोक्यातल्याही.
तेव्हा मूल रडतंच असं नाही.
म्हणून खेळायचं, आणि बघायचं.
"वाकतात कशा?"
मी हवेत बोट वळवलं.
पुढचा शब्द बाहेर होता, चपलांशेजारी,
धार भिंतीकडे करून ठेवलेला.

हे काय? फ्रीज. गप्प.
छत्री. गप्प.
रकान्यात शून्य मांडलं
आणि पान उलटताना तो ओरडला: कुकडी!
माझ्या यादीत कोंबडी आहे.
मग नुरलीनंच विचारलं, त्यांच्या बोलीत,
आणि तो सांगत सुटला.
अकरा शब्द. बोटं पुरली नाहीत.
शून्य खोडलं. फॉर्मवर खोडाखोड चालत नाही.
चालू दे.

एवढ्यावर मी उठणार होते,
स्वतःवरच खूश.

लाल ठोकळा त्याच्या उजवीकडे ठेवला.
डावा हात अंगावरून पलीकडे आला,
घेऊन गेला.
पुन्हा ठेवला. पुन्हा डावा.
उजवा मांडीवर, मूठ मिटलेली, अंगठा आत.
"डावरा आहे," नुरली म्हणाली, "बापासारखा."
असेलही.
पण इतक्या लवकर हात ठरत नसतो.
डावी मूठ मी हलकेच धरून ठेवली.
कारखान्याकडून मळीचा वास येत राहिला.
उजवा हात निघाला,
आणि ठोकळ्यापर्यंत पोचायला त्याला
इतका वेळ लागला
की नुरलीचं हसू परत गेलं.

मिरजेची चिठ्ठी. तारीख घातली आठ एप्रिल.
"तोवर कारखाना बंद. आम्ही गावी."
खोडलं. लिहिलं: उद्या.
गाडीभाडं कोण देणार
याला रकाना नव्हता.

निघताना तिनं विचारलं नाही.
लाल ठोकळा उचलला,
त्याच्या उजव्या मुठीत घातला
आणि वरून आपली मूठ आवळली.

पिशवीत सात उरले.
बाहेर पुढचं मूल रडत होतं,
त्याला आठांचा मनोरा करायला सांगायचा होता.