खिशातल्या मुंग्या

उजळाईवाडीच्या विमानतळावर चहा घेतला
तर त्याचंही बिल मी जपून ठेवते. कंपनीचं काम आहे.
सात वर्षं झाली. बॅगेत नमुन्याचं कास्टिंग,
पंपाची बॉडी, साडेचार किलो,
हैदराबादला न्यायचं, त्यांनी भोक मोजायचं,
मी मान डोलवायची, परत यायचं.
शिरोलीत साच्यात रस ओतताना
धनाजी कुंभारच्या भुवया जळतात.
तो अजून विमानात बसलेला नाही.

काल मोबाईलवर निरोप आला:
आपल्या नावावर एकवीस हजार चारशे पॉइंट.
तिरुपतीची दोन तिकिटं होतात. आईचं आणि माझं.

अकाउंट्सच्या चिकुर्डेकरांना विचारलं, हे कुणाचं?
त्यांनी चष्मा कपाळावर नेला.
"टॅलीत याला खातं न्हाई ओ बाई.
खातं न्हाई ते कुणाचंबी न्हाई.
आन् खुर्चीत अंग कुणाचं अवघडलं? जावा की."

पटलं. तरी घरी आल्यावर
वडील आठवले, मार्केट यार्डातले तोलाईदार.
व्यापारी गुळाच्या रव्यात सुरी खुपसून वानगी काढायचे,
चाखायचे, हात झटकायचे,
चुरा काट्याखाली पडायचा.
शेतकऱ्याचा म्हणावा तर तो गाडी घेऊन निघालेला,
अडत्याचा म्हणावा तर तो कशाला वाकतोय,
हमाल पोरांसाठी पंचाच्या गाठीत न्यायचे
आणि कुणी काही म्हणायचं नाही.
वडील दारात सदरा झटकायचे,
दोनदा, खिसे उलटे करून.
तरी रात्री खुंटीपर्यंत मुंग्यांची रांग.
आई म्हणायची, तुम्ही आणला नाही तरी आलाच की!
ते हसायचे नाहीत.

आता खरं सांगते.
मार्चमध्ये बंगळूरला जाताना
दुसरं विमान अकराशेनं स्वस्त होतं. वेळ जवळजवळ तीच.
मी महागाचं घेतलं,
कार्डाचा रंग बदलायला एकच फेरी उरली होती.
बिलावर कारण लिहिलं: सोयीची वेळ.
मालकांनी न वाचता सही केली.
हे चिकुर्डेकरांना सांगितलेलं नाही.
म्हणजे मी पडलेला चुरा उचलला नाही,
सुरीच जरा खोल घातली.

पुढच्या दौऱ्यात टॅक्सीनं फिरले आणि बसभाडं लावलं.
फिटले अकराशे. पण तेही खोटंच की,
फक्त उलट्या बाजूचं.

आई शेंगा फोडत बसली होती.
"तिरुपतीला येणार? विमानानं."
"किती पडतात?"
"फुकट."
तिचा हात थांबला नाही.
"कुणाच्या जिवावर?"

मोबाईलवर माझं नाव भरून झालंय.
दुसऱ्या प्रवाशाची ओळ कोरी.
खाली आकडे उलटे पळतायत, चौदा मिनिटं, तेरा,
आणि मी उगाच
ओढणीचं टोक झटकते.